नानांचे मोजे: साखर असलेल्या पायांसाठी काय घ्यायचं, काय टाळायचं

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. आजचा विषय आहे मोजे. हो, मोजेच. हसू नका, कारण या विषयात मी सपशेल नापास झालोय आणि त्याचा त्रास माझ्या आजोबांनी दीड महिना काढला.

नाना ७४ वर्षांचे. साखर निघाली त्याला वीसेक वर्षं झाली. गोळ्या वेळेवर, सकाळचं चालणं न चुकता, चहा बिनसाखरेचा. मागच्या दिवाळीत मी त्यांना मोज्यांचे तीन जोड दिले. काळे, जाड, दिसायला एकदम भारी. नाना खूश. भाऊबीजेला तेच घालून, बूट चढवून दिवसभर नातेवाइकांकडे फिरले. दुसऱ्या दिवशीही तोच जोड. तिसऱ्या दिवशी सकाळी आजीला फरशीवर लालसर ठिपके दिसले, बाथरूमपासून थेट पलंगापर्यंत.

मोजा उलटा केला तेव्हा उलगडा झाला. दोन मोजे एकत्र राहावेत म्हणून दुकानात प्लास्टिकचा बारीक दोरा टोचलेला असतो ना, त्याचा तुकडा आतच राहिला होता. तो मीच घाईघाईत दातांनी तोडला होता. नाना दोन दिवस त्याच्यावर चालले. चवड्याला चांगली जखम झाली होती.

मी विचारलं, "नाना, टोचलं नाही का हो?"

ते म्हणाले, "टोचलं असतं तर काढलं नसतं का बाळा?"

पाय खरं का सांगत नाही?

डॉक्टरांनी ड्रेसिंग केलं आणि मग एक साधी तपासणी केली. नानांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. १० ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. तेवढा स्पर्श जाणवायला हवा. चार जागा झाल्या तरी नाना गप्पच. मग म्हणाले, "डॉक्टर, सुरू करा की."

माझ्या पोटात गोळा आला.

साखर बरीच वर्षं जास्त राहिली की नसांना इजा होते. सगळ्यात लांबच्या नसा आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा हळूहळू वर चढतो. गंमत बघा, बधिरपणाच्या या आकाराला डॉक्टरसुद्धा मोज्याचीच उपमा देतात. कुणाला मुंग्या येतात, कुणाची आग होते, कुणाला गादीवर चालल्यासारखं वाटतं. आणि कुणाला नानांसारखं काहीच वाटत नाही. त्यात पायांचा रक्तपुरवठा कमी झाला असेल, तर छोटी जखमही लवकर भरत नाही. चिघळली तर बोट किंवा पाय कापायची वेळ येऊ शकते.

म्हणून आजची मुख्य गोष्ट ही: अशा माणसाला "मोजे बरे वाटतात का?" असं विचारून भागत नाही. तो "मस्त आहेत" म्हणेल, आणि खोटंही बोलत नसेल. जे पायाला कळत नाही, ते आपल्या हाताने आणि डोळ्यांनी तपासायचं.

दुकानात काय बघायचं?

आधी रंग. पांढरा किंवा फिकट घ्या. काळ्या मोज्यात रक्त दिसत नाही, हे आम्ही दोन दिवस उशिरा शिकलो. फिकट मोज्यावर रक्ताचा किंवा पाण्याचा डाग पहिल्याच संध्याकाळी दिसला असता.

दुसरी शिवण. मोज्यात हात घाला आणि बोटांकडची शिवण चाचपा. जाड दोरीसारखी लागली, तर ती दिवसभर बोटांवर घासणार. बिनशिवणीचे किंवा सपाट शिवणीचे मोजे मिळतात. नाही मिळाले तर सोपा उपाय आहे: मोजे उलटे घालायचे, शिवण बाहेर. नाना आधी म्हणाले, "लोक काय म्हणतील?" आजी म्हणाली, "बुटाच्या आत कोण डोकावतंय?"

तिसरं वरचं इलॅस्टिक. मोजा अर्धा तास घालून काढा. पायावर खोल वळ उठला तर तो जोड नको. संध्याकाळी पाय थोडे सुजतात, म्हणून ही परीक्षा संध्याकाळीच घ्या. पण ढगळही नको. सैल मोजा बुटात गोळा होतो आणि त्याच्या चुण्या घासतात. फ्री साइजच्या भरवशावर राहू नका. मोज्याची टाच पायाच्या टाचेवरच बसली पाहिजे.

चौथं कापड. सुती म्हणजे सगळ्यात चांगलं, असं मलाही वाटायचं. पण निव्वळ सुती मोजा घाम शोषतो आणि ओलाच राहतो. ओली त्वचा नरम पडते आणि सोलवटते. सुतात घाम लवकर वाळवणारा धागा मिसळलेला असेल तर बरं. तळव्याला थोडी जाडी चांगली, मात्र त्यामुळे बूट घट्ट होत असेल तर उपयोग उलटा होतो. बूट घ्यायला जाताना तेच मोजे घालून जा.

पाकिटावर "डायबेटिक" लिहिलंय म्हणून डोळे झाकून घेऊ नका. वरच्या चार गोष्टी असतील तर साधा मोजाही चालतो.

आणि एक सावधगिरी. पाय आवळून धरणारे कॉम्प्रेशनचे मोजे ही वेगळी वस्तू आहे. "पाय सुजतात, घट्ट मोजे आणू" असं परस्पर ठरवू नका. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला त्यांनी अपाय होऊ शकतो. डॉक्टरांनी सांगितले तरच घ्यायचे.

घरी आणल्यावर

प्लास्टिकचा दोरा कात्रीने कापा, तुकडे मोजून फेका, मोजा उलटा करून झटका. रोज धुतलेला जोड. भोक पडलं तर रफू नको, कारण रफूची गाठच टोचते. बूट घालण्याआधी त्यातही हात फिरवा.

नुसते मोजे घालून घरात फिरणं हा चपलेला पर्याय नाही. गुळगुळीत फरशीवर म्हातारं माणूस घसरतं, आणि टाचणी मोज्यातूनही घुसते. अंगठ्याच्या चपलेत मोजा बसत नाही, म्हणून आम्ही नानांना घरासाठी मागे पट्टा असलेली मऊ सँडल घेतली. देवळात चपला काढाव्याच लागतात, तर सकाळी लवकर जायचं. दुपारची तापलेली फरशी बधिर पायाला भाजते आणि मोजा तितकासा वाचवत नाही.

रात्री मोजे काढल्यावर पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि तळवे बघायचे. फोड, लाली, सूज, काळसर डाग किंवा गरम लागणारी जागा दिसली तर "उद्या बघू" नाही, लगेच डॉक्टर. कुरूप असेल तर घरी ब्लेड लावायचं नाही.

आता इथे तुमचं काम येतं. वयस्कर माणसाला वाकून स्वतःचा तळवा बघता येत नाही, नजरही अधू असते. पण तुमच्या हातात फोन आहे, टॉर्च आहे, कॅमेरा आहे. जवळ राहत असाल तर स्वतः बघा. लांब असाल तर फोटो मागवा.

नानांची जखम भरली. ते काळे तीन जोड आजीने फरशी पुसायला घेतले. आता रोज रात्री नऊला नानांचा व्हिडिओ कॉल येतो. उचलला की स्क्रीनवर नाना नसतात, त्यांचा तळवा असतो. आधी उजवा, मग डावा. मी "ओके" म्हटलं की मगच चेहरा दिसतो.

आज घरी फोन कराल तेव्हा जेवणाचं विचारून झालं की पायांचंही विचारा. नुसतं विचारू नका, बघा. भेटूया पुढच्या भागात!