संकरित जास्वंदीची गृहबागेतील जोपासना आणि कोमेजलेल्या रोपांचे पुनरुज्जीवन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील परसदारी जास्वंद पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. गणपतीच्या पूजेला लागणारी लाल, एकेरी पाकळ्यांची देशी जास्वंद एकदा कुंपणाशी लावली की तिच्याकडे फारसे पाहावे लागत नाही. गेल्या काही दशकांत तिच्या शेजारी संकरित जास्वंदीच्या कुंड्या आल्या. तळहाताहून मोठी फुले, केशरी, जांभळट, क्वचित तपकिरी छटा आणि मध्यभागी निराळ्या रंगाचा डोळा यांमुळे ही रोपे हौसेने विकत घेतली जातात. परंतु त्यांतील अनेक पहिल्याच पावसाळ्यानंतर दगावतात. अशा वेळी ‘हाताला गुण नाही’ म्हणून मालकालाच दोष दिला जातो. वस्तुतः या मृत्यूचे कारण बहुतेक वेळा कुंडीतील मातीत, मुळांपाशी असते. त्या कारणाचे आणि त्यावरील उपायांचे विवेचन हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकरित वाणांचे स्वरूप

लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीस ‘हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस’, म्हणजे चीनचा गुलाब, असे नाव दिले. आजच्या संकरित वाणांत मात्र एकाच जातीचा वारसा नाही. पूर्व आफ्रिकेतील झालरदार पाकळ्यांची जास्वंद तसेच हवाई आणि हिंदी महासागरातील बेटांवरील जाती यांचा त्यांच्या घडणीत वाटा आहे. फ्लोरिडा, हवाई, ऑस्ट्रेलिया येथे हौशी संकरकांनी हे काम पुढे नेले. अमेरिकन हिबिस्कस सोसायटीची स्थापना १९५० मध्ये झाली. भारतात बंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनेही संकरित वाण विकसित केले आहेत.

या मिश्र वारशाचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. संकरित जास्वंदीच्या बीपासून येणारे प्रत्येक रोप वेगळे निघते. म्हणून एखादा वाण टिकतो तो केवळ फांदीपासून, म्हणजे छाटकलमाने वा भेटकलम, पाचर कलम अशा पद्धतींनी. वाणाची सर्व झाडे ही एकाच मूळ झाडाची विस्तारलेली अंगे असतात. ज्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही आणि जो रोपवाटिकेत पुन्हा येणार नाही, असा वाण घरातील शेवटच्या कुंडीबरोबर कायमचा संपू शकतो. रोप वाचविण्याचा खटाटोप त्यामुळे केवळ खर्च केलेल्या पैशांपुरता उरत नाही.

कुंडीतील मूळसंस्था

पुणे परिसरातील रोपवाटिकांतून बुटकी, कळ्यांनी लगडलेली रोपे देशभर जातात. पश्चिम बंगालमधील बागप्रेमी तर अशा जास्वंदीला ‘पुणे व्हरायटी’ या नावानेच ओळखतात. अशी रोपे बहुधा कोकोपीटमध्ये वाढविलेली असतात. कुंडीतील व्यापारी जास्वंद आटोपशीर राहावी म्हणून वाढरोधक रसायनांचा वापर जगभर केला जातो. रोपवाटिकेतील निवारा, मोजके पाणी आणि नियमित द्रवखत या परिस्थितीला ही मुळे सरावलेली असतात.

घरी आणल्यावर रोप हुंडीसह मोठ्या कुंडीत, काळ्या मातीत बसविले जाते. माती आणि कोकोपीट वेगवेगळ्या गतीने वाळतात. वरची माती कोरडी दिसली म्हणून पाणी घातले जाते. आतील कोकोपीटचा गोळा मात्र आधीच चिंब असतो. पोकळ्यांतील हवा नाहीशी होते, मुळे गुदमरतात आणि फायटोफ्थोरा, पिथियम यांसारख्या बुरशीसदृश जीवांना रान मोकळे मिळते. मूळ कुजले की पाणी वर चढत नाही, पाने माना टाकतात आणि पाहणाऱ्यास वाटते की झाड तहानलेले आहे. मग आणखी पाणी! माती ओली असूनही पाने लोंबत असतील तर पाणी घालू नये, हा एक नियम पाळला तरी पुष्कळ रोपे वाचतील.

मिश्रण निचऱ्याचे असावे. पोयटा माती, जाड वाळू वा विटांचा चुरा आणि चांगले कुजलेले कंपोस्ट समभाग घेतल्यास घरगुती कुंडीस पुरते. कोकणातील जांभ्याच्या मातीत हे काम सोपे जाते. चुनखडीयुक्त काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या असा लोहाच्या कमतरतेचा प्रकार दिसतो. तेथे चिलेटेड लोहाची फवारणी उपयोगी पडते. बोनमील आणि डीएपीचा मारा करण्याची आपल्याकडील सवय मात्र जास्वंदीला मानवत नाही. अतिरिक्त स्फुरदामुळे लोह व जस्त यांचे शोषण अडते. तिला पालाश अधिक आणि स्फुरद कमी लागते.

पाच-सहा तास ऊन आवश्यक आहे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमधील दुपारचे ऊन तेवढे टाळावे. त्या काळात फुले लहान व फिकी येणे हा आजार नव्हे. तापमानानुसार रंगद्रव्यांचे प्रमाण बदलते आणि तेच झाड डिसेंबरात गडद, मोठी फुले देते. पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त मात्र वेळीच करावा. वेडीवाकडी, आखडलेली शेंडापाने ही त्याची खूण होय. प्रादुर्भाव थोडा असताना जोरदार पाण्याची धार, साबणाचे सौम्य द्रावण व निंबोळी तेल पुरेसे ठरते.

पुनरुज्जीवनाची पद्धत

प्रथम फांदीची साल नखाने हलकेच खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर तो भाग जिवंत आहे. शेंड्याकडून बुंध्याकडे असे तपासत गेल्यास मृत भागाची सीमा कळते. नंतर रोप कुंडीतून काढून मुळे पाण्यात अलगद धुवावीत. निरोगी मूळ फिकट व टणक असते. कुजलेले मूळ तपकिरी असून त्याची साल ओढताच मोज्यासारखी निघून येते. अशी मुळे स्वच्छ कात्रीने काढून टाकावीत.

यापुढील पायरी अनेकांच्या जिवावर येते. जितकी मुळे गेली तितका पाला कमी करणे भाग असते, कारण उरलेली मुळे पूर्वीइतक्या पानांच्या बाष्पोत्सर्जनाला पुरी पडत नाहीत. कळ्याही काढाव्यात. रोप मुळांच्या मानाने लहान कुंडीत, वाळू अधिक व खत अजिबात नसलेल्या मिश्रणात लावावे, एकदा पाणी द्यावे आणि उजेडाच्या पण सावलीच्या जागी ठेवावे. वरून पारदर्शक पिशवी सैलसर घातल्यास आर्द्रता टिकते. नवे फुटवे दिसण्यास तीन ते पाच आठवडे लागू शकतात. या काळात खत देणे घातक होय. नवी पाने पूर्ण उलगडल्यावरच अत्यंत विरळ द्रवखतास आरंभ करावा.

बुंधा वाचण्याची आशा नसेल आणि वरची फांदी मात्र हिरवी असेल, तर पेन्सिलीएवढ्या जाडीचे तुकडे लगेच घ्यावेत. संकरित वाणांना मुळे फुटण्याची खात्री नसते, त्यामुळे देशी लाल जास्वंदीच्या खुंटावर पाचर कलम करणे अधिक भरवशाचे ठरते. पावसाळ्यातील दमट हवा या कामास अनुकूल असते. कलमावर पिशवी बांधून सावलीत ठेवावे. साधारण तीन आठवड्यांत जोड जमला की नाही हे कळते. खुंटावर कलमाखाली येणारे फुटवे नियमितपणे काढावेत. ते जोमदार असतात आणि दुर्लक्ष झाल्यास कलमकाडीला मागे टाकतात. मग पुढल्या वर्षी कुंडीत लाल, एकेरी फूल उमलते आणि मूळ वाण केव्हा नाहीसा झाला हे लक्षातही येत नाही.