जुनी फटफटी घेताना

उमरठ हे नरवीर तानाजी मालुसरे यांचे गाव. त्यांची समाधी या गावात आहे. रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत हे गाव आहे. इकडचे रस्ते डोंगरातले. कुठे चढ, कुठे उतार, कुठे एकदम वळण. एस.टी. चुकली की माणूस अडला. म्हणून घरातल्या तरुणाला वाटते, आपली एक फटफटी असावी. आणि ती साधी नको. पुढे वाकून बसायची, शर्यतीच्या घोड्यासारखी पळणारी हवी.

हौस वाईट नाही. पण अशी नवी गाडी दीड-दोन लाखांच्या घरात जाते. तेवढे पैसे नसतात. मग मुंबईला किंवा पुण्याला नोकरीवर असलेला कोणी तरी सांगतो, “जुनी घे. निम्म्याहून कमी पैशांत मिळते.”

त्याचे म्हणणे खोटे नाही. जुनी गाडी घेण्यात काही वावगे नाही. न बघता घेणे मात्र वावगे. आपण बाजारात बैल घ्यायला जातो, तेव्हा काय करतो? दात बघतो. खूर बघतो. चालवून बघतो. चार जाणत्यांना विचारतो. गाडीलाही दात असतात, बरं का! ते कसे बघायचे, तेच या पाठात सांगितले आहे.

आधी हिशेब, मग गाडी

समजा, घरात साठ हजार रुपये जमले आहेत. कोणी म्हणेल, साठ हजारांची गाडी घेऊ. इथेच माणूस चुकतो. जुनी गाडी घरी आली की आणखी पैसे मागते. म्हणून हिशेब असा मांडावा:

गाडीची किंमत – ४५,००० रुपये
दोन टायर – ६,००० रुपये
चेन आणि तिची दातेरी चाके – २,५०० रुपये
ऑईल, ब्रेक, किरकोळ काम – १,५०० रुपये
विमा – २,००० रुपये
गाडी नावावर करणे – १,००० रुपये
दोन हेल्मेट – २,००० रुपये
एकूण – ६०,००० रुपये

हे आकडे उदाहरणासाठी आहेत. गाडीप्रमाणे ते कमी-जास्त होतील. पण रीत हीच. हातात जेवढे पैसे आहेत, त्यातला चौथा भाग बाजूला ठेवावा. उरलेल्या पैशांत गाडी शोधावी. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

रोजच्या पेट्रोलचाही विचार करावा. साधी शंभर सी.सी.ची गाडी एका लिटरला साठ किलोमीटरच्या आसपास जाते. दीडशे सी.सी.ची पळणारी गाडी चाळीसच्या आसपास जाते. रोज तीस किलोमीटर जायचे असेल, तर एकीला अर्धा लिटर लागेल, दुसरीला पाऊण लिटर. लिटरला शंभर रुपये धरले, तरी महिन्याला साडेसातशे रुपये जास्त झाले. हे पैसे कुठून येणार, ते गाडी घेण्याआधी ठरवावे.

आणखी एक गोष्ट. अशा गाडीचे हँडल खाली असते. मनगटावर आणि पाठीवर भार येतो. मागची बैठक आखूड आणि उंच असते. तिच्यावर भाताचे पोते राहणार नाही. म्हातारी आई नीट बसणार नाही. घराला एकच गाडी परवडणार असेल, तर ती कोणकोणत्या कामाला लागणार, हे सगळ्यांनी बसून बोलावे.

गाडीचे वय

पल्सर ही बजाज कंपनीची गाडी सन २००१ मध्ये निघाली. करिझ्मा २००३ मध्ये आली. यामाहा कंपनीची आर-१५ ही २००८ मध्ये आली. या गाड्यांनी तरुणांना वेड लावले. आज जुन्या बाजारात त्याच जास्त दिसतात.

पण खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडी तपासून घ्यावी लागते आणि नोंदणी वाढवून घ्यावी लागते. हरित कर भरावा लागतो. म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली, तर हुरळून जाऊ नये. पुढच्याच वर्षी तो खर्च आपल्या गळ्यात पडतो.

दुसरे ध्यानात ठेवावे. १२५ सी.सी.च्या वरच्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून ए.बी.एस. असणे बंधनकारक झाले. ए.बी.एस. म्हणजे काय? जोरात ब्रेक दाबला, तरी चाक एकदम जाम होत नाही. त्यामुळे गाडी घसरण्याचा धोका कमी होतो. आपल्याकडे पावसाळ्यात घाटाचा रस्ता ओला असतो. शेवाळ असते, चिखल असतो. दोन गाड्यांच्या किमतीत थोडाच फरक असेल, तर ए.बी.एस.ची गाडी बरी.

गाडीचा सातबारा

एक पुतण्या काकांना म्हणाला, “काका, गाडीवाला म्हणतो, आधी पैसे द्या. कागद मागाहून देतो.”

काका म्हणाले, “अरे बाबा, जमीन घेताना आपण सातबारा आधी बघतो की मागाहून?”

“आधीच बघतो.”

“मग गाडीचाही सातबारा असतो. त्याला आर.सी. म्हणतात. तो आधी बघायचा.”

“त्यात काय बघायचं, काका?”

“मालकाचं नाव. गाडीचा नंबर. गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी झाली. इंजिनाचा नंबर आणि चॅसिसचा नंबर. चॅसिस म्हणजे गाडीचा सांगाडा. त्याचा नंबर लोखंडावर ठोकलेला असतो. बहुतेक गाड्यांना तो हँडलाच्या मानेपाशी सापडतो. कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर एक-एक अक्षर जुळवून बघ. सतरा अक्षरं आणि अंक असतात. एकही वेगळा निघाला, किंवा ती जागा घासलेली दिसली, तर पाय मागे घे. गाडी चोरीची असू शकते.”

“आणि सातबाऱ्यावर बोजा असतो, तसा इथेही असतो का?”

“असतो तर! गाडी कर्जावर घेतली असेल, तर आर.सी.वर बँकेचं नाव असतं. कर्ज फिटलं असं तोंडी सांगून भागत नाही. बँकेचं पत्र हवं आणि पस्तीस नंबरचा फॉर्म हवा. बोजा उतरल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत.”

काकांनी सांगितले ते खरे आहे. आता तर हे काम सोपे झाले आहे. एम-परिवहन नावाचे सरकारी ॲप मोबाईलवर असते. त्यात गाडीचा नंबर घातला, की नोंदणी, विमा आणि बोजा यांची माहिती दिसते. मोबाईलवर दंडही तपासता येतो. जुन्या मालकाने सिग्नल तोडले असतील, तर त्याचा दंड गाडीच्या नंबरावर चढलेला असतो. तो आधी त्याच्याकडून भरून घ्यावा.

गाडी बघावी कशी?

गाडी दिवसाउजेडी बघावी. पावसात बघू नये. पाण्याने सगळीच गाडी चकाकते. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा. त्याला दोनशे-तीनशे रुपये द्यावे लागले, तरी ते वाया जात नाहीत.

जाण्याआधी मालकाला सांगावे, “मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.” गेल्यावर इंजिनाला हात लावून बघावे. ते थंड हवे. गरम इंजिन पटकन सुरू होते आणि आपला आजार लपवते. थंड इंजिन खरे बोलते.

सुरू झाल्यावर धूर बघावा. निळा धूर येत राहिला, तर इंजिन ऑईल जाळते आहे. हे मोठे काम आहे. काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त जाते आहे. सकाळी थोडी पांढरी वाफ निघते आणि थांबते, तिची काळजी नाही. पण पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातून पांढरा धूर येतच राहिला, तर आत पाणी शिरत असेल. अशी गाडी सोडून द्यावी.

आता गाडी पडली होती का, ते बघू. पळवायची गाडी पडलेली असण्याचा संभव जास्त. तिच्या अंगावर प्लास्टिकचे कवच असते. कवच नवे घालून रंग दिला, की आतली मोडतोड झाकली जाते. म्हणून कवच बघू नका. ब्रेकच्या आणि क्लचच्या दांडीचे टोक बघा. पाय ठेवायच्या दांड्या बघा. सायलेन्सरची बाजू बघा. तिथे घासल्याच्या खुणा असतील, तर गाडी त्या अंगावर पडली आहे. मागे उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, बघा. हँडल सरळ धरले असता पुढचे चाक सरळ राहते का, बघा. सांगाड्याला नवे वेल्डिंग दिसले, तर ती गाडी फुकट दिली तरी घेऊ नये.

पुढचे शॉकप दाबून बघा. नळीवर तेलाचा ओघळ असेल, तर आतले सील गेले आहे. चेन मागच्या दातेरी चाकावरून बोटाने ओढा. ती दात सोडून वर आली, किंवा दात आकड्यासारखे वाकलेले दिसले, तर संच बदलावा लागेल. टायरच्या कडेला चार आकडे असतात. १८२२ असेल, तर तो टायर सन २०२२ च्या अठराव्या आठवड्यात झाला. नक्षी चांगली असली, तरी जुनाट आणि तडकलेला टायर घाटात दगा देतो.

मीटरवर एकट्यावर भरवसा ठेवू नये. मीटर मागे फिरवता येते. मीटर दहा हजार किलोमीटर सांगते आणि पायाखालचे रबर गुळगुळीत झाले आहे, तर कोण खरे? रबर खरे.

पुरातली गाडी

२०२१ च्या जुलै महिन्यात महाडला मोठा पूर आला. बाजारपेठ पाण्याखाली गेली. कित्येक गाड्या बुडाल्या. मुंबईतही जोराच्या पावसात गाड्या बुडतात. अशी गाडी धुऊन-पुसून विकायला येते. वरून ती नव्यासारखी दिसते. आतल्या तारा मात्र गंजत असतात. सहा महिन्यांनी गाडी वाटेत बंद पडते.

ती ओळखायची कशी? बैठक काढून खाली बघा. हवेच्या फिल्टरच्या डब्यात बघा. पुढच्या दिव्याच्या काचेत बघा. कोपऱ्यात सुकलेला गाळ सापडेल. आतले स्क्रू गंजलेले असतील. इंजिनाचे ऑईल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. पुराचा गाळ माणसासारखा खोटे बोलत नाही.

नावावर करा, तेव्हाच ती तुमची

पुष्कळ लोक पैसे देतात, किल्ली घेतात आणि घरी येतात. कागद तसाच राहतो. वर्षे जातात. हे फार धोक्याचे आहे. विकणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही.

सर्वोच्च न्यायालयाने सन २०१८ मध्ये एका खटल्यात सांगितले, की आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव आहे, तोच कायद्याने मालक. त्या खटल्यातली गाडी पुढे चार हातांत गेली असली, तरी अपघाताची भरपाई दप्तरी नाव असलेल्यावर आली. म्हणजे विकणाऱ्याने गाडी दिली, पैसे संपले, तरी जबाबदारी संपली नाही. आणि घेणाऱ्याचे काय? गाडी चोरीला गेली, तर तो मालक म्हणून उभा राहू शकत नाही. विम्याचे पैसे मागायला गेला, तर अडतो.

म्हणून एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. आपल्याकडच्या गाड्यांचा नंबर एम.एच. ०६ असतो. त्यांचे कार्यालय पेणला आहे. गाडी मुंबईची किंवा पुण्याची असेल, तर तिकडचे कोणते कागद लागतील, ते आधी विचारून घ्यावे. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. पण तिला ना-हरकत पत्र लागते आणि इथला कर पुन्हा भरावा लागतो.

पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत. पावती घ्यावी. पावतीवर गाडीचा नंबर, रक्कम, तारीख आणि गाडी ताब्यात घेतल्याची वेळ लिहावी. वेळ कशाला? त्या दिवशी सकाळी त्या गाडीने कोणाला ठोकर दिली असेल, तर ती तुमच्या अंगावर येऊ नये म्हणून.

विमा आणि लायसन

दुसऱ्याला इजा झाली, तर भरपाई देणारा विमा कायद्याने लागतोच. सन २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सी.सी.च्या दुचाकीला वर्षाचा दर ७१४ रुपये होता. १५० च्या वर ३५० पर्यंत तो १,३६६ रुपये होता. कर वेगळा. एवढे पैसे वाचवायला गेले आणि अपघात झाला, तर लाखांची भरपाई घरातून द्यावी लागते. मग जमीन जाते, दागिना जातो. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून विमाही आपल्या नावावर करून घ्यावा.

गिअरच्या गाडीचे लायसन अठरा वर्षे पुरी झाल्यावरच मिळते. मुलगा सोळा वर्षांचा आहे, उंच झाला आहे, म्हणून किल्ली देऊ नये. अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला आणि मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कैदेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पोराचा जीव. घाटातले वळण वय विचारत नाही. चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्याने, दोघांनीही आय.एस.आय. छापाचे हेल्मेट घालावे. रंगाचे पैसे वाचवा. हेल्मेटचे वाचवू नका.

वाचक बंधूभगिनींनो, पूर्वी दुसरा वाचून दाखवी आणि आपण अंगठा देत असू. आता तुम्हाला अक्षर येते. कागद हातात घ्या. सावकाश वाचा. नंबर जुळवा. समजले नाही, तर पुन्हा विचारा. विकणारा घाई करू लागला, तर समजावे, की घाई त्याला आहे, आपल्याला नाही. गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. घामाचे पैसे एकदाच खर्च होतात.

सांगा पाहू

१. साठ हजारांतले किती रुपये मागे ठेवावेत? कशासाठी?
२. चॅसिसचा नंबर कुठे असतो? तो का जुळवावा?
३. पुरात बुडालेली गाडी कशी ओळखाल?
४. गाडी नावावर केली नाही, तर विकणाऱ्याचे काय नुकसान? घेणाऱ्याचे काय?
५. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीची आर.सी. वाचा. मालकाचे नाव आणि गाडीचे वय वहीत लिहा.