लग्नात फोटो बूथ आहे, मग फोटोग्राफर कशाला? दोघांची कामं वेगळी आहेत, ती अशी वाटून द्या

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासवरच्या कुठल्याही लॉन्सवर लग्नाला जा, चित्र ठरलेलं असतं. अक्षता पडल्या की अर्धी मंडळी जेवणाकडे आणि अर्धी स्टेजकडे. पायऱ्यांवर रांग, हातात आहेराचं पाकीट आणि फोटोग्राफरचा आवाज, "काका, इकडे बघा. ताई, थोडं आत सरका." क्लिक. चला, पुढचे.

आता साधा हिशोब करा. पाचशे पाहुणे आले आणि चार-पाच जणांचा एक ग्रुप धरला, तर शंभर-सव्वाशे ग्रुप होतात. एका ग्रुपला अर्धा मिनिट दिलं तरी तासभर जातो. आणि अर्ध्या मिनिटात कुणाचं उरकतं? कुणीतरी "थांबा, आमचे हे आले नाहीत" म्हणतंच.

म्हणजे एवढे पैसे मोजून आणलेला मुख्य फोटोग्राफर दीड-दोन तास एकाच जागी उभा राहून एकच फोटो काढत असतो. फक्त माणसं बदलतात. त्याच वेळी नवरीचे आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे पुसत असतात, मामा लोक जेवणात आग्रह करत असतात. ते फोटो कुणीच काढत नाही.

फोटो बूथचा खरा उपयोग इथे आहे. घरातल्या मोठ्यांना तो पोराटोरांचा खेळ वाटतो. पण स्टेजवरची गर्दी थोडी कमी करून फोटोग्राफरला मोकळं करणं, हे काम तो चांगलं करतो.

तसा हा प्रकार नवीन नाही. सायबेरियातून अमेरिकेत गेलेल्या अनातोल जोसेफो यांनी १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आपोआप फोटो काढणारं यंत्र सुरू केलं. २५ सेंट टाकायचे, आठ पोझ द्यायच्या आणि काही मिनिटांत फोटोंची पट्टी हातात. लोकांनी रांगा लावल्या. दोनच वर्षांत त्यांनी या यंत्राचे हक्क दहा लाख डॉलरला विकले.

आपल्याकडे जत्रेत वेगळं काय होतं? मागे पडद्यावर ताजमहाल, पुढे पुठ्ठ्याचं विमान नाहीतर मोटारसायकल. दोन्हीकडे गंमत एकच. पोझ आपण ठरवायची आणि फोटो लगेच हातात. स्टेजवर कडक उभे राहणारे काका बूथमध्ये गॉगल घालून हसतात ते त्यामुळेच.

म्हणून काही जण म्हणतात, बूथ घेतलाय तर दुसऱ्या फोटोग्राफरचे पैसे वाचवू. हे करू नका. बूथ म्हणजे एका जागी पक्का केलेला कॅमेरा, पक्का लाईट आणि मागे पडदा. त्या चौकटीबाहेर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. अंतरपाट दूर होतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो. त्या वेळी एक कॅमेरा नवरीच्या चेहऱ्यावर आणि दुसरा नवरदेवाच्या चेहऱ्यावर लागतो, तोही समोर मोबाईल घेऊन उभ्या राहिलेल्या गर्दीतून वाट काढत. कानपिळी, सप्तपदी, पाठवणी, हे सगळं त्याचंच काम.

मग मेळ कसा घालायचा? पहिली गोष्ट वेळ. पाहुणे यायला लागतात तेव्हापासून मुहूर्ताच्या अर्धा तास आधीपर्यंत आणि मग अक्षतांनंतर, असा दोन टप्प्यांत बूथ चालवा. मधल्या वेळात सरळ पडदा टाकून बंद. नाहीतर इकडे मंगलाष्टकं चालू आणि तिकडे नवरदेवाचे मित्र फेटे घालून रांगेत, असं होतं. फोटोत रिकाम्या खुर्च्या येतात त्या वेगळ्या. एक लक्षात ठेवा, पत्रिकेतली वेळ धरून बूथचे तास ठरवू नका. आपल्या मराठवाड्यात मुहूर्ताआधी पुढाऱ्यांचे सत्कार असतात आणि ते किती चालतील हे माईक हातात असलेल्यालाच माहीत. बूथवाला तासावर पैसे घेत असेल तर मधला बंद वेळ मोजणार की नाही, हे आधीच विचारून घ्या.

दुसरी गोष्ट जागा. बूथ स्टेजच्या शेजारी नको. त्याचा फ्लॅश व्हिडिओत सारखा लुकलुकत राहतो. डीजेजवळही नको, आणि तिथे लेझर लाईट असतील तर मुळीच नको. लेझरचा किरण थेट लेन्सवर आला तर कॅमेऱ्याचा सेन्सर खराब होऊ शकतो, मोबाईलचासुद्धा. प्रवेशद्वार आणि जेवणाच्या मधली जागा बरी, कारण तिथून सगळेच जातात. प्रिंटरसाठी जनरेटरवरून वेगळी लाईन मागा. मिक्सर आणि हॅलोजन लावलेल्या बोर्डवर तो जोडला तर ऐन गर्दीत बंद पडण्याची भीती असते. आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, त्यात लॉन्सवरची धूळ. दुपारचं लग्न असेल तर बूथ हॉलच्या आतच ठेवा.

बूथमधले बहुतेक प्रिंटर शाईचे नसतात. रंगीत पट्टीवरचा पिवळा, किरमिजी आणि निळा रंग उष्णतेने एकामागून एक कागदावर उतरतो आणि शेवटी वरून पारदर्शक थर बसतो. म्हणून फोटो कोरडाच बाहेर येतो. एका फोटोला साधारण १० ते १५ सेकंद लागतात. पण उभं राहणं, फेटा घालणं, हसणं धरून एका ग्रुपचे दीड-दोन मिनिटं जातात. तासाला तीस-चाळीस ग्रुप झाले तरी खूप. त्यामुळे हजार पाहुण्यांच्या लग्नात एका बूथवर सगळ्यांचे फोटो होणार नाहीत, हे आधीच मान्य करा.

तो गोल फिरणारा ३६० वाला प्रकार रीलसाठी छान, पण आजीला त्या चौथऱ्यावर कोण चढवणार? एकच घ्यायचं असेल तर फोटो छापून देणारा साधा बूथ घ्या.

कारण छापलेल्या फोटोची किंमत सगळ्यात जास्त कुणाला, तर ज्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नाही त्यांना. गावाकडून आलेल्या आत्याबाईंना अल्बम दिसणारही नाही. इथे फोटोग्राफर आणि बूथ खरे एकत्र येऊ शकतात. पाहुण्यांची गर्दी व्हायच्या आधी पंधरा मिनिटं राखून ठेवा. बूथसमोर दोन खुर्च्या टाका, घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवा आणि त्याच लाईटमध्ये फोटोग्राफरला त्याच्या कॅमेऱ्याने फोटो काढू द्या. ते फोटो बूथच्या प्रिंटरवर छापून लगेच त्यांच्या हातात द्या. कॅमेऱ्यातून प्रिंटरपर्यंत फोटो कसा न्यायचा, हे दोघांना आदल्या दिवशी बोलून ठरवायला सांगा. लग्नाच्या दिवशी केबल शोधत बसायला वेळ नसतो.

मागच्या पडद्यासाठी तीच ती प्लास्टिकची पानं आणि निऑनची इंग्रजी अक्षरं कशाला? आपल्या शहराचं हिमरू आहे, शेजारी पैठण आहे. हिमरूच्या नक्षीचा पडदा फोटोत फार सुंदर दिसतो. फक्त खऱ्या पैठणीला टाचण्या मारू नका, आई माफ करणार नाही.

आता कागदावरच्या गोष्टी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक काम सांगणारा असतो. पण 'वेगळा करार नसेल तर' हे महत्त्वाचं. फोटोग्राफर आणि बूथवाला दोघांच्याही कागदावर काय लिहिलंय ते वाचून सही करा. बूथमधल्या सगळ्या फोटोंची प्रत मिळणार का, ते तुमचे फोटो जाहिरातीला वापरणार का, क्यूआर कोडने उघडणाऱ्या गॅलरीला पासवर्ड आहे का, हे विचारा. त्यात लहान मुलांचेही फोटो असतात.

आणि एक वही ठेवा. बहुतेक बूथवर एका कागदाच्या दोन पट्ट्या निघतात. एक पाहुण्याला, दुसरी वहीत. फोटोग्राफरच्या हजारो फोटोंमध्ये चेहरे असतात, नावं नसतात. वीस वर्षांनी अल्बम उघडला की "हे कोण गं?" सुरू होतं आणि सांगणारं माणूस तोवर राहिलेलं नसतं. वहीत पट्टीखाली पाहुण्यानेच नाव, गाव आणि नातं लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं विचारून लिहायला एखादी चुणचुणीत करवली बसवा, दर तासाला बदलून, म्हणजे तिलाही जेवता येईल. वही जाड पानांची घ्या. साध्या वहीत फोटो चिकटवले की पानं फुगतात आणि महिन्याभरात शिवण सुटते.