मडगार्डचा मोसम

लंडन म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काळ्या छत्र्यांची रांग उभी राहते. प्रत्यक्षात लंडनला वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याची सरासरी त्याहून जास्त, सातशेच्या वर. महाबळेश्वरशी तर तुलनाच नको. फरक आहे तो वाटपाचा. आपला पाऊस चार महिन्यांत सगळा हिशेब चुकता करून निघून जातो. इंग्लंडचा पाऊस बाराही महिने हप्त्यांनी येतो आणि हिवाळ्यात तर इतका बारीक होतो, की तो पडतोय की हवेतच तरंगतोय हे कळू नये. डिसेंबर-जानेवारीत दक्षिण इंग्लंडात भर दुपारी पारा सात-आठ अंशांच्या आसपास असतो. सखल भागात बर्फ क्वचितच. रस्ता मात्र आठवडेच्या आठवडे वाळत नाही.

अशा हवेत रविवारी सकाळी चेशर, यॉर्कशर, केंटच्या अरुंद गावरस्त्यांवर सायकलस्वारांचे घोळके दिसतात. शर्यत नाही, बक्षीस नाही. चाळिशी, साठी, क्वचित ऐंशीच्या घरातली माणसं पन्नास-साठ किलोमीटर जातात, मध्ये कुठेतरी चहा पितात आणि अंधाराच्या आत घरी येतात. हा अंधारही लवकर गाठतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनला सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चार वाजायच्या आत मावळतो.

या रिवाजाला जवळपास दीडशे वर्षं झाली. १८७८ मध्ये यॉर्कशरमधल्या हॅरोगेट इथे 'बायसिकल टूरिंग क्लब' स्थापन झाला. पुढे तो 'सायकलिस्ट्स टूरिंग क्लब' झाला आणि आज 'सायकलिंग यूके' या नावाने ओळखला जातो. तेव्हा हवेच्या टायरचाही पत्ता नव्हता. डनलॉपने तो बेलफास्टला बनवला १८८८ मध्ये. म्हणजे पहिल्या पिढीने इंग्लंडचे हिवाळे भरीव रबरावर, उंच चाकाच्या सायकलींवरून काढले. त्यांना वेडं म्हणावं की चिवट, हे ज्याचं त्याने ठरवावं.

हिवाळी भटकंतीला तिचा नायक मिळाला तो मात्र १९१९ मध्ये. वॉल्टर मॅकग्रेगर रॉबिन्सन हा लिव्हरपूलकडचा माणूस, पहिल्या महायुद्धात जखमी होऊन परतलेला. 'सायकलिंग' या साप्ताहिकात तो 'वेफेअरर', म्हणजे वाटसरू, या नावाने लिहीत असे. युद्ध संपल्यानंतरच्या मार्चमध्ये तो काही सोबत्यांना घेऊन वेल्समधल्या बर्विन डोंगररांगेत शिरला. लानार्मन या खेड्यातून खिंड ओलांडून पलीकडच्या किनविडला उतरायचं, असा बेत होता. वाटेवर बर्फ साचलेलं. सायकल चालवण्यापेक्षा ढकलण्यात आणि उचलण्यातच वेळ गेला. मे महिन्यात त्याने या प्रवासावर 'ओव्हर द टॉप' हा लेख लिहिला आणि ब्रिटिश सायकलस्वारांच्या दोन पिढ्यांना त्या लेखाने घराबाहेर काढलं.

वेफेअररचं म्हणणं थोडक्यात असं, की सायकल चालवण्याजोगा रस्ता आणि चालवण्याजोगी हवा यांची वाट बघत बसलं तर माणूस बाहेरच पडणार नाही. जिथे सायकल चालेल तिथे चालवावी, नाही तिथे खांद्यावर घ्यावी. तो दिव्याच्या यंत्रावर काचेच्या चकत्या दाखवत गावोगाव व्याख्यानंही देई. १९५६ मध्ये तो वारला. दुसऱ्या वर्षी त्याच खिंडीच्या माथ्यावर त्याच्या स्मरणार्थ दगड बसवण्यात आला. शेजारी एक पेटी, पेटीत वही. वर पोचलेले लोक त्या वहीत नाव लिहून जातात.

त्याच्याच वाटेने जाणाऱ्या चाळीसेक जणांनी १९५५ मध्ये लेमस्टर गावातल्या 'ब्लॅक स्वॉन' पबमध्ये जमून 'रफ स्टफ फेलोशिप' काढली. रस्ता सोडून सायकल नेणाऱ्यांचा हा जगातला सर्वांत जुना क्लब मानला जातो. कॅलिफोर्नियात माउंटन बाइक जन्माला यायला अजून दोन दशकं होती. फेलोशिपची मंडळी टायबिय घालून, साध्या प्रवासी सायकली घेऊन, चिखलातून आणि ओढ्यांतून खुशाल जात. त्यांची जुनी छायाचित्रं अलीकडे पुस्तकरूपाने आली, तेव्हा महागडी जाकिटं घालणारी तरुण पिढी ती बघून चाट पडली.

आता मूळ शत्रूकडे वळू. हा शत्रू थंडी नव्हे, ओल. कोरड्या थंडीत माणूस पेडल मारून ऊब आणतो. पण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं, आणि सायकलवर समोरून येणारा वारा त्यात भर घालतो. त्यामुळे उणे दोन अंशांतली कोरडी सकाळ परवडते, पण पाच अंशांतली भिजलेली सकाळ बोटं बधिर करते. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबता येत नाही, पंक्चर काढणं तर दूरच.

सायकलस्वाराला भिजवणारं पाणी वरून कमी आणि खालून जास्त येतं. मागचं चाक रस्त्यावरचा राडा थेट पाठीवर आणि मागून येणाऱ्याच्या तोंडावर उडवतं. पुढचं चाक बुटांत. पाऊस थांबून दोन तास झाले तरी हे चालूच राहतं. म्हणून ब्रिटिश हिवाळ्यात सायकलचा सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे मडगार्ड. आधुनिक रेसिंग सायकलींनी वजन वाचवण्यासाठी ते काढून टाकलं. पण ऑक्टोबर सरला की पुष्कळ क्लबांत मडगार्डशिवाय आलेल्याला सगळ्यांच्या शेवटी जायला सांगतात. निव्वळ मडगार्डनेही भागत नाही. मागच्या टोकाला, जमिनीपासून चार बोटं वर राहील अशी एक झालर लावतात. ती विकत मिळते, पण खरा गडी दुधाच्या प्लास्टिक बाटलीतून कापून काढतो.

इथे मराठी वाचकाला एक ओळखीची वस्तू भेटते. आपल्याकडे पोस्टमन, दूधवाले आणि शाळामास्तर ज्या काळ्या सायकलवरून फिरले ती मुळात याच ओल्या हवेसाठी घडलेली इंग्लिश 'रोडस्टर'. रुंद लोखंडी मडगार्ड, चेनवर पूर्ण कव्हर, ब्रेकला तारेऐवजी गज, टायरला घासणारा डायनामो. यातला एकही भाग शोभेचा नव्हता. वुल्व्हरहॅम्प्टनच्या 'सनबीम' सायकलीत तर चेन तेलाच्या बंद पेटीत फिरत असे, पाण्याचा थेंब आत जाऊ नये म्हणून. संगीतकार एडवर्ड एल्गार १९०० मध्ये सायकल शिकला तो सनबीमवरच, आणि सूर्यदेवावरून तिचं नाव त्याने 'मिस्टर फीबस' ठेवलं होतं. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरने १९०२ मध्ये तीन गिअर चाकाच्या हबमध्येच दडवले, तेही चिखलापासून आपोआप वाचले. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टीआय कंपनीने बर्मिंगहॅमच्या भागीदारीत हर्क्युलस आणि आसनसोलला सेन-रॅलेने रॅले बनवायला घेतली, तेव्हा इंग्लंडच्या पावसाचा बंदोबस्तही आपल्या पावसात येऊन दाखल झाला. एक खोट मात्र तिच्याबरोबरच आली. ओल्या लोखंडी रिमवर रबर धरत नाही. श्रावणात उतारावर गज दाबून पाय जमिनीला टेकवत थांबलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

रस्त्याची स्वतःची काही गाऱ्हाणी आहेत. तापमान शून्याकडे जायला लागलं की तिथल्या नगरपालिका रस्त्यांवर खनिज मीठ पसरतात. यातलं बरंचसं मीठ निघतं चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून. ही खाण १८४४ पासूनची. गंमत अशी, की चेशरचे सपाट गावरस्ते सायकलवाल्यांचे लाडके, आणि त्याच भूमीच्या पोटातलं मीठ त्यांच्या सायकली खातं. एका ओल्या रविवारनंतर चेन पुसली नाही तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर तांबूस थर दिसतो. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल आणि ग्रीस नसेल, तर खारट पाण्यात दोन धातूंची अशी काही गाठ बसते की वसंतात तो करवतीनेच काढावा लागतो. म्हणून ज्यांना परवडतं ते 'हिवाळी सायकल' वेगळी ठेवतात. चांगली सायकल मार्चपर्यंत घरात, आणि जुनी, जड, मडगार्डवाली बाहेर. पूर्वी ही हिवाळी सायकल बहुधा एकाच गिअरची आणि फ्रीव्हील नसलेली असे. पाय थांबले की चाक थांबतं. बिघडायला काही नाहीच, शिवाय निसरड्या उतारावर वेग पायांनीच आवरता येतो.

पंक्चरांचाही हाच मोसम. इंग्लंडात शेतांच्या कडेला हॉथॉर्नची काटेरी कुंपणं असतात. पक्ष्यांच्या विणीच्या काळात, म्हणजे १ मार्च ते ३१ ऑगस्ट, ती छाटायला शेतकऱ्यांना मनाई आहे. साहजिकच छाटणी होते हिवाळ्यात, आणि काटे पडतात नेमके ओल्या गावरस्त्यावर. चिल्टर्न्स आणि डाउन्सच्या चुनखडी टेकड्यांत त्यात गारगोटीच्या कपच्यांची भर. पाणी इथे वंगणाचं काम करतं. कोरड्या रस्त्यावर टायरवरून निसटली असती अशी कपची ओल्या रबरात सहज घुसते. जाणकार या दिवसांत जाड टायर चढवतात आणि हवा थोडी कमी ठेवतात.

रस्ता सोडून घोडवाटांवर जायचं तर कायद्याची आडकाठी नाही. १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने इंग्लंड आणि वेल्समधल्या घोडवाटा सायकलींना खुल्या केल्या. पायी जाणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची एवढीच अट. आडकाठी असते ती चिखलाची. डिसेंबरात घोड्यांनी तुडवलेली चिकणमातीची वाट चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये इतकी गच्च बसते, की सायकल जागच्या जागी उभी राहते. अशा दिवशी मडगार्डचे गोडवे कोणी गात नाही.

कपड्यांच्या बाबतीत जाहिराती एक सांगतात आणि म्हातारे दुसरंच. 'पाणी आत येऊ देणार नाही, घाम बाहेर जाऊ देईल' असं वचन देणारी कापडं १९६९ च्या गोअर-टेक्सपासून सुरू झाली. ती कामाची आहेत, यात वाद नाही. पण वरचा थर भिजून चिंब झाला आणि बाहेरची हवाही ओलसर असली, की घामाला बाहेर पडायला वाव उरत नाही आणि माणूस आतून भिजतो. त्याआधी मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी 'व्हेंटाइल' हे सुती कापड बनवलं होतं. भिजलं की त्याचे धागे फुगतात आणि पाण्याची वाट बंद होते. नेल्सन गावच्या कॅराडाइसच्या पिशव्याही अशाच घट्ट विणीच्या जाड सुती कापडाच्या. १९३० च्या दशकापासून त्या सीटमागे टांगल्या जातात आणि शिवणाऱ्याची सही आत लेबलावर असते.

जुनी 'केप' अजूनही काहींना सोडवत नाही. खांद्यांपासून हॅण्डलपर्यंत तंबूसारखी पसरणारी ही झूल खालून मोकळी असल्यामुळे घाम येत नाही. आडवा वारा सुटला की मात्र स्वार शिडाच्या होडीसारखा भलतीकडे निघतो. बाकी आत लोकरीचा बनियन, कारण लोकर ओली झाली तरी ऊब देते, सुती कापड देत नाही. बुटांत पावांच्या प्लास्टिक पिशव्या आणि घरी पोचल्यावर त्याच बुटांत वर्तमानपत्राचे बोळे.

इतका खटाटोप करूनही बाहेर पडायचंच, या जिद्दीची दोन उदाहरणं तिशीच्या दशकातली. बिली डव्ही ही तरुणी १ जानेवारी १९३८ ला लंडनहून निघाली आणि त्या वर्षी रोज सायकल चालवली. रज-व्हिटवर्थची तीन गिअरची सायकल, मागे छोटी पिशवी. वर्षअखेर मोजणी झाली २९,६०३ मैल, म्हणजे ४७ हजार किलोमीटरांहून जास्त. व्यायामाचा प्रचार हा तिचा उद्देश होता आणि ठिकठिकाणी ती त्यावर बोलतही असे. ती वयाच्या शंभराव्या वर्षी, २०१४ मध्ये गेली. प्रचाराला याहून चांगला पुरावा काय हवा? दुसरा टॉमी गॉडविन. या शाकाहारी गड्याने १९३९ मध्ये ७५,०६५ मैल कापले. त्या वर्षाच्या सप्टेंबरात युद्ध सुरू झालं, दिव्यांवर पडदे चढले आणि शेवटचे महिने त्याने जवळपास अंधारात, ओल्या रस्त्यांवर काढले.

अंधाराशी सामना आजही चुकलेला नाही. 'ऑडॅक्स यूके' या १९७६ मध्ये सुरू झालेल्या, लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांच्या संघटनेच्या सलग बारा महिने, दर महिन्याला किमान २०० किलोमीटरांची एक फेरी अशा उपक्रमात खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीतच होते. २०० किलोमीटरांना साडेतेरा तास मिळतात आणि उजेड असतो आठ तासांचा. कार्बाइडच्या बत्तीपासून एलईडीपर्यंतचा प्रवास या मंडळींना पुरता ठाऊक. हबमधल्या डायनामोवर त्यांचा विश्वास बॅटरीपेक्षा जास्त. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरकडे ज्या 'ब्रेव्हे', म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, होतात त्याही ऑडॅक्ससारख्याच मूळच्या फ्रेंच परंपरेतल्या. २०१९ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या लांब फेरीला भारतातून शेकडो स्वार गेले होते. ऑगस्ट महिना असूनही रात्रीच्या गारठ्याने त्यांतल्या अनेकांना हैराण केलं. सह्याद्रीतल्या पावसात तयार झालेल्या पायांना ओल नवी नव्हती. ओल आणि थंडी यांची जोडी नवी होती.

लेकीकडे किंवा मुलाकडे नाताळात इंग्लंडला जाणाऱ्यांनी हा प्रकार चाखून बघायचा असेल, तर वेल्सच्या डोंगरात जायची गरज नाही. ब्रिस्टल आणि बाथ यांच्यामधला बंद पडलेला रेल्वेमार्ग स्वयंसेवकांनी १९७९ ते १९८६ या काळात डांबरी सायकलवाट केला. लांबी सुमारे २१ किलोमीटर, चढ नावापुरता, मोटारी नाहीत. ब्रिस्टलकडून निघालं की स्टेपल हिलचा जवळपास अर्धा किलोमीटरचा बोगदा लागतो. त्यात दिवे आहेत, पण छत ठिबकतं, तेव्हा डोक्यावर टोपी हवी. पुढे बिटनला जुनं स्टेशन आहे, वाफेच्या गाड्या जपणाऱ्यांनी सांभाळलेलं. तिथे चहा मिळतो. भाड्याची सायकल घेताना मडगार्ड आहे का, एवढं आधी विचारून घ्यावं.