पोस्टिंग जालना, घर चारशे किलोमीटरवर : एकटेपणाशी कसं जमवायचं?

नियुक्तीचा आदेश हातात पडतो तेव्हा पेढे वाटले जातात. गावच्या चौकात फ्लेक्स लागतो, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'हार्दिक अभिनंदन'चा पाऊस पडतो. आई-वडिलांना वाटतं, लेकरानं नाव काढलं. त्याच आदेशात पदाच्या नावाखाली एक ओळ असते, पदस्थापनेच्या ठिकाणाची. त्या गडबडीत ती नीट वाचायला कुणाला सवड नसते.

पंधरा दिवसांनी तीच ओळ समोर उभी राहते. जालन्यात भाड्याची खोली, एक गादी, एक बादली आणि मोबाइलचा चार्जर. ऑफिस सुटून खोलीवर यायला सात वाजतात, झोप येते अकराला. मधल्या चार तासांचं काय करायचं, हे कुठल्याच स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासक्रमात नसतं.

आज त्या चार तासांबद्दल बोलूया.

जालन्यात बाहेरून येणारे इतके कसे?

१ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी हा भाग औरंगाबाद आणि परभणी या दोन जिल्ह्यांत वाटलेला होता. जिल्हा झाला की कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, एसपी ऑफिस असं सगळं बस्तान येतं. शिवाय जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन आणि जाफराबाद अशा आठ तालुक्यांची तहसील, पोलीस ठाणी, दवाखाने, शाळा आणि बँका आल्याच. या खुर्च्यांवर बसणारे सगळेच काही जालन्याचे नसतात.

सरकारी नोकरी सोडली तरी 'जालना, सोन्याचा पालना' ही म्हण उगाच पडलेली नाही. मोंढा जुना. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली आणि शहर बियाणांसाठी देशभर ओळखलं जाऊ लागलं. एमआयडीसीतल्या स्टीलच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले कामगार भट्टीपुढं उभे असतात. थोडक्यात, संध्याकाळी खोलीवर एकटा बसलेला माणूस हे या शहरात नवल नाही. शेजारच्या गल्लीत तसाच दुसरा बसलेला असतो, एवढंच की दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो.

आणि जालनेकरांना लांब जाणं ठाऊक नाही असंही नाही. जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ३ जालन्यातच आहे. तिथल्या जवानांची घरं इथं असतात आणि बंदोबस्त भलतीकडे. इतकंच काय, समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच जिल्ह्यातलं. लहानपणी घर सोडलेला नारायण चोवीस वर्षांनी आईला भेटला, असं परंपरा सांगते. तेव्हा 'घराबाहेर पडलेलं माणूस' म्हणजे काय, हे इथल्या लोकांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

घराची आठवण येणं हा काही दुबळेपणा नाही

'एवढा मोठा झालास, नोकरीला लागलास, आणि रडतोस काय?' हे वाक्य बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण या दुखण्याची नोंद वैद्यकशास्त्रानं तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच घेतली आहे. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या तरुणानं स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथं यावर प्रबंध लिहिला आणि घराच्या ओढीनं येणाऱ्या आजारपणाला 'नोस्टाल्जिया' हा शब्द घडवला. आज आपण तो जुनी गाणी ऐकताना वापरतो, मुळात तो आजाराचं नाव म्हणून जन्मला.

जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो. एकाकीपणा लांबला की झोप, रक्तदाब, हृदय, मन या सगळ्यांवर त्याचा भार पडतो. त्यामुळे 'होईल सवय' म्हणून दात-ओठ खात बसण्यापेक्षा त्याकडं कामासारखं बघितलेलं बरं.

खरा घोटाळा : 'बदली होईपर्यंत काढायचे दिवस'

लांब पोस्टिंगला गेलेली बहुतेक माणसं एक वाक्य मनाशी धरून बसतात. 'इथं कुठं कायम राहायचंय? बदली झाली की सुटलो.' मग गॅस घेतला जात नाही, भिंतीवर खिळा ठोकला जात नाही, शेजाऱ्याचं नाव विचारलं जात नाही. खोलीची वेटिंग रूम होते.

आता हिशोब करू. महाराष्ट्रात शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा २००५ चा अधिनियम आहे. त्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आणि नेहमीच्या बदल्या एप्रिल-मे महिन्यात. मंत्रालयाबाहेरच्या गट क मधल्या कर्मचाऱ्यांसाठी तर असे दोन कालावधी, म्हणजे सहा वर्षं धरली जातात. तीन वर्षं म्हणजे १५६ आठवडे, जवळपास अकराशे संध्याकाळी. अकराशे संध्याकाळी कुणी वेटिंग रूममध्ये काढू शकत नाही. काढल्याच, तर ज्या घरासाठी आपण झुरत होतो त्या घरी परतताना आपण चिडचिडे आणि थकलेले होऊन परततो.

अप-डाउनचं गणित

जालन्यात एक दुसरा मार्गही लोकप्रिय आहे. छत्रपती संभाजीनगर साधारण साठ किलोमीटरवर. रेल्वे आहे, एसटी आहे, रस्ता बरा आहे. त्यामुळे अनेक जण बिऱ्हाड संभाजीनगरला ठेवतात आणि रोज अप-डाउन करतात. मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी तिथं असेल तर हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. रोज रात्री लेकरू जवळ झोपतं, याची किंमत कशात मोजणार?

पण ज्याचं कुणीच संभाजीनगरला नाही, घर कोल्हापूरला किंवा सावंतवाडीला आहे, असाही माणूस कधीकधी 'शहर मोठं आहे, करमेल' म्हणून अप-डाउन सुरू करतो. त्यानं मात्र गणित करावं. जाऊन-येऊन, ताटकळणं धरून रोजचे तीन तास. महिन्याचे बावीस दिवस धरले तर ६६ तास. हे तास ना संभाजीनगरचे, ना जालन्याचे. शिवाय अनेक पदांना मुख्यालयी राहण्याची अट असते आणि घरभाडे भत्त्याचा प्रश्न त्याला जोडलेला असतो, तेव्हा आपल्या पदाचा नियम आधी वाचून ठेवा.

मैत्रीला किती तास लागतात?

हे ६६ तास आठवणीत ठेवा. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्या गावी राहायला आलेल्या माणसांना विचारलं होतं की कुणाबरोबर किती वेळ घालवल्यावर मैत्री झाली. उत्तर असं आलं : नुसत्या ओळखीतून वरवरची मैत्री व्हायला सुमारे ५० तास, खरा मित्र म्हणावा असं व्हायला सुमारे ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. ऑफिसात शेजारी बसून काम केल्याचे तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत. सोबत जेवण, चकाट्या पिटणं, निवांत भटकणं, हे तास मोजले जातात.

पहिल्या महिन्यात 'इथं आपलं कुणी नाही' असं वाटणं म्हणजे जालना वाईट आणि आपण माणूसघाणे असा अर्थ नाही. तास भरलेले नसतात, इतकंच. मग ते भरायचे कसे?

एक, जेवण एकट्यानं नको. पार्सल आणून मोबाइलपुढं जेवणं सोपं असतं आणि तेच माणसाला सगळ्यात जास्त एकटं पाडतं. मेस लावली तर रोज ठरलेल्या वेळी ठरलेली माणसं दिसतात. महिनाभरानं कुणीतरी विचारतंच, 'काल आले नाही तुम्ही?' त्या एका प्रश्नानं गाव अर्धं आपलं होतं.

दोन, चार चेहरे पक्के करा. चहाची टपरी एकच, न्हावी एकच, किराणा एकाच दुकानातून. अशा हलक्या ओळखींनीही माणसाचा दिवस बरा जातो, असं संशोधन सांगतं. खोली बघतानाच घरमालकाला नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते विचारा. जालन्यात हा प्रश्न विचारणारा लगेच शहाणा ठरतो आणि उत्तर देता देता शेजारीही ओळखीचे होतात.

तीन, भाषेला कान द्या. भोकरदन-जाफराबादकडं बुलढाणा जवळ, तिथल्या बोलीत वऱ्हाडी डोकावते. मंठा-परतूरकडं परभणीचा सूर लागतो. जुन्या बाजारात निजामाच्या काळापासूनची दखनी हिंदी चालते. कोल्हापूर किंवा कोकणातून आलेल्याला सुरुवातीला हे बोलणं तुटक वाटेल. हसू नका, शिका. तुमची बोलीही त्यांना तितकीच गमतीची वाटत असते.

चार, जिल्हा बघा. सकाळी मोती तलावाकडं चक्कर, अंबडची मत्स्योदरी देवी, राजूरचा गणपती, एखाद्या सहकाऱ्याच्या मळ्यातली मोसंबीची बाग. जमलं तर एखादा सण मुद्दाम इथंच करा. धुळवडीला जालन्यात हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते, ती गावी जाऊन कशी बघणार?

बायकांचं पोस्टिंग : प्रश्न थोडे वेगळे

वरचे सगळे सल्ले पुरुषाला सोपे आहेत. टपरीवर रेंगाळणं, रात्री मेसला जाणं बाईला तितकं सोपं नाही, हे मान्य करूनच पुढं जाऊ. समजा, एखाद्या शिक्षिकेला मंठा तालुक्यातली शाळा मिळाली आणि चार वर्षांचं लेकरू आजी-आजोबांकडं राहिलं. तिला खोली बघताना 'एकट्याच राहणार का?' हा प्रश्न दहा दारांवर ऐकावा लागतो. घरी फोन केला तर लेकरू कधी बोलतं, कधी रुसून बोलतच नाही. तिला 'मन रमवा' सांगणं म्हणजे जखमेवर मीठ.

अशा वेळी सगळ्यात कामी येते ती सोबत. त्याच केंद्रातल्या, दवाखान्यातल्या किंवा बँकेतल्या दोघी-तिघींनी मिळून घर घेतलं तर भाडं वाटलं जातं, स्वयंपाक वाटला जातो आणि रात्रीची भीतीही. रुजू होण्याआधी त्या गावात आधी काम केलेल्या बाईचा नंबर मिळवा. कुठलं घर बरं, कुठली गाडी किती वाजता, हे तिच्याइतकं कुणी सांगणार नाही.

घरच्यांशी बोलायचं कसं?

दिवसभर तुकड्या-तुकड्यानं मेसेज करण्यापेक्षा एक ठरलेली वेळ बरी. रात्री साडेआठ म्हणजे साडेआठ. लहान मुलाला 'मी लवकर येईन' यापेक्षा 'दुसऱ्या शनिवारी येईन' हे कळतं, कॅलेंडरवर खूण करता येते. तारीख पाळता येणार नसेल तर ती देऊ नका.

फक्त 'जेवलास का?' वर फोन संपवू नका. घरातली एखादी जबाबदारी लांबूनही आपल्याकडं ठेवा. वडिलांच्या गोळ्या, वीजबिल, मुलीचा पाढ्यांचा सराव. काम हातात असलं की आपण घरात पाहुणे होत नाही. आणि मागं राहिलेल्या जोडीदारालाही एकटेपणा असतो, हे विसरू नका. बाहेर पडलेल्याला निदान नवं गाव तरी मिळतं. घरी राहिलेल्याला तेच घर मिळतं, एक माणूस कमी असलेलं.

परत जायचं तर कागद तयार ठेवा

इथं रमणं म्हणजे बदलीचा हक्क सोडणं नव्हे. आपल्या खात्याचं बदली धोरण पहिल्याच महिन्यात मिळवून वाचा. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या वेगळ्या धोरणानं, ऑनलाइन होतात. पती-पत्नी एकत्रीकरण आणि गंभीर आजार यांना त्यात प्राधान्य आहे. आंतरजिल्हा बदली घेतली तर नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता मागं जाते, हेही घरी बसून आधीच बोलून घ्या. प्रमाणपत्रं, जोडीदाराच्या सेवेचा दाखला, जुने अर्ज एका फाइलीत ठेवा. मुदत आली की धावपळ होत नाही.

दुखणं वाढलं तर

दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच रस उरला नसेल, रोजची संध्याकाळ दारूवर येऊन थांबत असेल, तर ही नुसती घरची आठवण राहिलेली नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आहे. मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच क्षणी फोन करा आणि जवळच्या माणसाला बोलावून घ्या. रजा टाकून घरी जाणं यातही कमीपणा नाही. नोकरी महिनाभर थांबू शकते.

एक दिवस बदलीचा आदेश येतोच. सामान बांधताना भिंतीवरचा खिळा काढायचा राहून जातो, मेसवाल्या मावशी पैसे घ्यायला नको म्हणतात, टपरीवाला 'पुन्हा या साहेब' म्हणतो. तेव्हा लक्षात येतं की आपल्या मोबाइलमध्ये जालन्याचे वीस-पंचवीस नंबर आहेत आणि त्यातले चार डिलीट करावेसे वाटत नाहीत. तुमच्या ओळखीत कुणी नुकतंच लांब रुजू झालं असेल, तर आज रात्री साडेआठला त्याला एक फोन करा. 'जेवलास का'च्या पुढचं काहीतरी विचारा.