माठातला स्पीकर आणि माळ्यावरच्या कॅसेटी

‘हाय-फाय’ हा शब्द आपल्या वस्त्यांत आला तो दोन अर्थांनी. एक म्हणजे श्रीमंती थाट. "त्यांचं काय बाबा, हाय-फाय राहणीमान!" असे आपण सहज म्हणतो. दुसरा अर्थ म्हणजे दणदणीत आवाज. ज्याच्या स्पीकरने खिडकीच्या काचा हलतील, तो सेट हाय-फाय! खरे पाहता या शब्दाचा मूळ अर्थ यापैकी एकही नाही. ‘हाय फिडेलिटी’ म्हणजे मूळ आवाजाशी जास्तीत जास्त इमान. गाणाऱ्याने जसे म्हटले तसे, त्याच्या श्वासासकट, शब्दाच्या शेवटच्या अक्षरासकट ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचवणे, एवढेच त्याचे काम.

हे इमान राखणारी यंत्रे आपल्या कष्टकरी घरांत कशी आली, त्यांनी आपले ऐकणे कसे बदलले आणि त्या काळातला कोणता ठेवा आज आपल्या हातून निसटतो आहे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

भोंग्याचे दिवस

आपली गाण्याची परंपरा मुळात उघड्या मैदानातली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी जलसे घेऊन गावोगाव फिरत, तेव्हा हजारोंच्या गर्दीला गाणे ऐकवायचे तर गळ्यात पहाडी ताकद लागे. पुढे माईक, अ‍ॅम्प्लिफायर आणि भोंगा आला. दिल्लीच्या ‘अहुजा’ कंपनीचे नाव तर इतके रुळले की लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्याकडे जाऊन लोक "अहुजा पाहिजे" असेच सांगत.

भोंग्याने गाणे लांबवर नेले, हे त्याचे उपकार. पण भोंग्याची रचनाच अशी की आवाजातला मधला भाग तेवढा जोरात फेकला जातो. ढोलकीचा खालचा घुमारा आणि शब्दांतली स, श, फ अशी बारीक अक्षरे, दोन्ही टोके कापली जातात. त्यामुळे वस्तीच्या कोपऱ्यावर उभे राहिलेल्याला गाण्याचे धृपद कळे, पण कडव्यातला विचार मात्र वाऱ्यावर जाई. आणि आपल्या गाण्यांत तर सगळे मर्म कडव्यातच असते! वामनदादा कर्डकांनी हजारो गीते लिहिली, ती केवळ चालीवर डुलण्यासाठी नव्हे.

रेडिओ आणि तबकडी

घरात ऐकायचे तर रेडिओ होता. आकाशवाणी मुंबईची ‘कामगार सभा’ अनेक चाळींत लागत असे. पण रेडिओवर काय लागणार हे केंद्र ठरवी. शिवाय त्या काळी रेडिओला परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. ती फी १९८० च्या दशकात बंद झाली.

दुसरे साधन ग्रामोफोनचे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. पुढे १९४८ साली एलपी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळू लागला. पण तबकडी काढायची तर कारखाना हवा, भांडवल हवे. आपल्या देशात कित्येक वर्षे हा धंदा प्रामुख्याने एचएमव्ही या एकाच कंपनीच्या हातात होता. कोणाचा आवाज तबकडीवर जाईल हे कंपनी ठरवणार. रात्र-रात्र चालणारे कव्वालीचे सामने, श्रावण यशवंते आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांची सवाल-जवाबाची झुंज, ही त्या तीन मिनिटांच्या चौकटीत बसणार तरी कशी?

टू-इन-वनने केलेली क्रांती

ही कोंडी फोडली ती एका तळहाताएवढ्या डबीने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॉम्पॅक्ट कॅसेट जगापुढे आणली. जेमतेम चार मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटीमीटर वेगाने हेडवरून सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटीत दर बाजूला अर्धा तास, नव्वदच्या कॅसेटीत पाऊण तास. सुरुवातीला तिच्यात फितीची ‘सूं’ अशी खरखर फार असे. ती कमी करणारी डॉल्बीची युक्ती १९७० च्या सुमारास कॅसेट डेकमध्ये आली आणि कॅसेट खऱ्या अर्थाने हाय-फायच्या पंगतीला बसली.

आपल्याकडे कॅसेटीचा पूर आला तो १९८० च्या दशकात. आखातात कामाला गेलेले लोक सुट्टीवर येताना ‘नॅशनल पॅनासोनिक’चा टू-इन-वन आणत. रेडिओ आणि टेप एकाच पेटीत. मग देशी माल स्वस्त झाला. टी-सीरीजसारख्या नव्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या मागोमाग कितीतरी छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. थोडक्या भांडवलात कॅसेट निघू लागली आणि भीमगीतांच्या कॅसेटी जयंतीच्या मैदानाबाहेर पुस्तकांच्या शेजारी मांडल्या जाऊ लागल्या. आनंद शिंदे यांच्या ‘पोपटा’ने तर त्याच दशकात घराघरांत धुमाकूळ घातला.

पण सगळ्यात मोठी गोष्ट होती टू-इन-वनवरचे ते लाल ठिपक्याचे बटण, रेकॉर्डिंगचे! तबकडीने आपल्याला फक्त ऐकणारे ठेवले होते. कॅसेटीने आपल्याला नोंदवणारेही केले. कोरी कॅसेट घालायची, बटण दाबायचे आणि मंचासमोर टेप ठेवून द्यायचा. कार्यक्रम संपला की गाणे आपल्या घरी!

माठातला स्पीकर

आता आमच्या मिरा-भाईंदरकडे वळू. परळ-वरळीच्या चाळीतली खोली वाढत्या कुटुंबाला पुरेना, त्यात १९८२ च्या गिरणी संपाने अनेकांची रोजी गेली. मिठागरे आणि खाडीच्या कडेची स्वस्त जागा शोधत अनेक कुटुंबे या भागात आली. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने होते, तिथे हाताला काम मिळे.

कॉस्मिक, सोनोडाइन अशा नावांचे देशी हाय-फाय सेट त्या काळी निघत, पण ते शोकेस असलेल्या घरांसाठी. आमच्या चाळींतला हाय-फाय सेट ‘असेंबल’ केलेला असे. वस्तीतला एखादा आयटीआय झालेला किंवा नुसता हुशार मुलगा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणी. मोटारीत बसवायचा बारा व्होल्टचा टेप, त्याला एक ट्रान्सफॉर्मर, आणि सान्यो या जपानी कंपनीची ‘एलए ४४४०’ ही आयसी. बोटभर लांबीची ही आयसी दोन बाजूंना सहा-सहा वॉट आवाज देई, एकत्र जोडली तर एकोणीस वॉटपर्यंत जाई. दहा बाय बाराच्या खोलीला हे पुरून उरे.

राहिला स्पीकर. लाकडी खोके सुताराकडून करून घ्यायचे तर खर्च. म्हणून स्पीकर बसवला जाई तो मातीच्या माठाच्या तोंडावर! बाहेरचा माणूस हसेल, पण यामागे शास्त्र आहे. स्पीकरचा कागदी पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागची हवा ओढली जाते. उघड्या स्पीकरमध्ये ही पुढची आणि मागची लाट कडेवरून एकमेकींना भेटतात आणि ढोलकीचा खालचा सूर खाऊन टाकतात. मागची लाट माठात कोंडली की खालचा सूर वाचतो. माठ स्वतःही घुमतो, त्यामुळे ठेका भारदस्त वाटतो. मात्र तो फार घुमला तर शब्द गढूळ होतात, म्हणून जाणते मेकॅनिक आत कापूस भरत. इमान राखायचे ते असे, परवडेल त्या साधनाने.

खाडीच्या खाऱ्या दमट हवेने व्हॉल्यूमचे बटण लवकर खरखरू लागे. हेडवर फितीची तपकिरी धूळ बसली की आवाज घोगरा होई. मग काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिट लावून हेड पुसायचा. गुंतलेली फीत पेन्सिल घालून हलकेच गुंडाळायची. ही विद्या तेव्हा घरातल्या लहान पोरांनाही येई.

आवाज घरात आला

आमच्या घरी असा सेट आला तो वडिलांच्या बोनसमधून आणि आईच्या भिशीतून. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आई लिहू-वाचू शकत नव्हती. भोंग्यावर वर्षानुवर्षे ऐकलेल्या गाण्यांची कडवी तिला या सेटवर पहिल्यांदा स्वच्छ कळली. मग ती काम करता करता सांगे, "अरे, ते मागं घे. पुन्हा लाव." एकेक ओळ तीन-तीनदा लावून तिने गाणी पाठ केली. दुपारी शेजारच्या बायका येऊन बसत. महाडचे तळे, नाशिकचा सत्याग्रह, माता रमाईचे कष्ट हे त्यांनी पुस्तकातून नव्हे, फितीवरून शिकून घेतले.

आमच्या मते हाच त्या यंत्राने घडवलेला खरा बदल. भोंगा गर्दीला ऐकवतो. गर्दीत बाईमाणूस मागे, कडेला. टेप घरात ऐकवतो, आणि थांबतो, मागे जातो, पुन्हा सांगतो. ज्याला अक्षर नाही त्याच्यासाठी मागे घेण्याचे ते बटण म्हणजे पुस्तकाचे पान उलटणेच होते.

आजच्या जयंतीतल्या डीजेच्या भिंती पाहिल्या की आम्हाला हे आठवते. तिथे वॉट हजारांनी मोजतात, पण शब्द ऐकू येत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा दिली आहे. तो कायद्याचा भाग झाला. आमचा प्रश्न साधा आहे. छातीत धडधड होते आणि कडवे कळत नाही, तर त्या गाण्यातून मुलांनी घ्यायचे काय?

एकुलती एक प्रत

आता मुख्य मुद्दा. बाजारात विकल्या गेलेल्या कॅसेटीतली बरीच गाणी आज मोबाइलवर मिळतात. पण लाल बटण दाबून आपण स्वतः भरलेल्या कॅसेटी? वस्तीतल्या गायन पार्टीचा सामना, एखाद्या कार्यकर्त्याचे भाषण, आजीने म्हटलेल्या ओव्या, यांची जगात एकच प्रत आहे आणि ती आपल्या माळ्यावर आहे. टेप बिघडला, सीडी आली, मग मोबाइल आला. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत त्या कॅसेटी भंगारवाल्याच्या गोणीत जातात.

नोंदवलेला आवाज काय मोलाचा असतो ते पाहा. बाबासाहेबांचा प्रत्यक्ष आवाज ऐकायला मिळावा अशी ध्वनिमुद्रणे मोजकीच. बीबीसीने १९५५ साली घेतलेली मुलाखत आज ऐकता येते ती कुणीतरी फीत जपली म्हणून. शाहीर विलास घोगरे १९९७ च्या जुलैमध्ये, रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर गेले. ‘हमारा शहर’ या १९८५ च्या माहितीपटात त्यांचे गाणे टिपलेले आहे, म्हणून त्यांचा आवाज नव्या पिढीला माहीत आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही आहेत. त्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. त्या बाया कुणी नामवंत गायिका नव्हत्या. आपल्या आयांसारख्याच होत्या.

काय करावे?

काम अवघड नाही. घरातल्या सगळ्या कॅसेटी एकत्र करा. आधी प्रत्येक कॅसेटीच्या वरच्या कडेवरचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावू नका, जाणकाराला दाखवा. तीच बुरशी हेडवरून दुसऱ्या कॅसेटीला लागते. चांगल्या कॅसेटी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, चिकटलेले वेढे सुटतात.

वस्तीत एखादा चालू डेक निघेलच. त्याचा रबरी पट्टा सैल झाला असेल तर बदलून घ्या, नाहीतर गाणे संथ आणि लडखडत वाजेल. हेड पुसा. मग डेकच्या हेडफोनच्या किंवा लाइन-आऊटच्या भोकातून वायर काढून संगणकात रेकॉर्डिंग करा. स्पीकरसमोर मोबाइल धरून रेकॉर्ड करू नका; खोलीतला कुकर आणि रस्त्यावरचा हॉर्न त्यात मिसळतो. प्रत्येक फाइलला गायकाचे नाव, गाव आणि साल द्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

नावे विचारायची तर आत्ताच विचारा. "हा कोरसमध्ये कोण? ढोलकी कोणाची?" हे सांगणारी माणसे आता सत्तरीपुढे आहेत. विहारात रविवारी मंडळी जमतातच. एका रविवारी डेक घेऊन बसा, कॅसेट लावा, वयस्करांना पुढे बसवा आणि मुलांच्या हाती वही द्या. फीत झिजत चालली आहे आणि ती ओळखणारी माणसेही थकत चालली आहेत. दोघांची गाठ पडणे, एवढेच आपल्या हातात आहे.