भावस्थिती विकृती आणि स्वभावधर्म

भावस्थिती विकृती ही मनाची येणारी व ओसरणारी अवस्था होय. स्वभावधर्म हा व्यक्तीचा मूळ कल होय. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी उदास, उत्साही, चिडखोर व चक्रीय अशा चार प्रवृत्ती वर्णिल्या. हॅगोप अकिस्कल यांनी पुढे चिंताग्रस्त प्रवृत्तीची भर घातली. म्हणूनच निदान एक असले तरी सर्व रुग्ण सारखे दिसत नाहीत. २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळालेल्या, कोकण किनाऱ्यावर घडणाऱ्या ‘कासव’ या मराठी चित्रपटातील जानकी व आत्महत्येचा प्रयत्न केलेला तरुण दोघेही नैराश्याशी झुंजतात. मात्र ती संयमी, तर तो तुटक व चिडखोर आहे.

कुडाळ परिसरातील अध्यापकांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. रडवेल्या विद्यार्थ्याला सहानुभूती लाभते. नैराश्यातून चिडणारा मात्र ‘उद्धट’ ठरतो व उपचारांपासून वंचित राहतो. याउलट, जन्मजात अबोल विद्यार्थ्यास आजारी समजणेही अयोग्य होय. विद्यार्थी पूर्वी कसा होता, त्यात कोणता बदल झाला व तो दोन आठवड्यांहून अधिक टिकला काय, हे पाहावे. असा बदल आढळल्यास मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यास सुचवावे. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे.